युनियन अग्निरक्षक मंडळीचा करारनामा (इ. स. १७३६) : ‘आम्ही’ आणि ‘आपण’

१

उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया या गावी ७ डिसेंबर १७३६ रोजी काही प्रतिष्ठित गृहस्थांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या. आग लागली असता परस्परांस साहाय्य करावे, हा त्या कराराचा हेतू. त्यातून जी संस्था उदयास आली ती ‘युनियन फायर कंपनी’ होय. बेंजामिन फ्रँकलिन हा तिचा मुख्य प्रवर्तक. अमेरिकेच्या इतिहासात या संस्थेचा उल्लेख बहुधा दोन प्रकारे होतो. एक, फ्रँकलिनच्या लोकहितबुद्धीचे उदाहरण म्हणून. आणि दुसरा, स्वयंसेवी अग्निशामक दलांची जननी म्हणून. दोन्ही उल्लेख चुकीचे नव्हेत. तथापि करारनाम्याचा मूळ मजकूर बारकाईने वाचणाऱ्यास ते अपुरे वाटतात. त्या मजकुरात आग विझविण्याविषयी फारसे काही नाही. जे आहे ते मुख्यतः दोन गोष्टींविषयी आहे : सह्या करणाऱ्यांची मालमत्ता कशी वाचवावी, आणि दर महिन्याला कोणी काय करावे.

पहिल्या गोष्टीवरून ही संस्था स्वार्थमूलक होती असे म्हणता येईल. दुसरी गोष्ट कोरडी, कारकुनी स्वरूपाची म्हणून अभ्यासकांकडून सहसा वगळली जाते. वस्तुतः या दोहोंच्या संबंधातच संस्थेचे ऐतिहासिक महत्त्व आहे. एका मर्यादित गटाच्या संरक्षणासाठी आखलेला मासिक नियम त्या गटाला आपल्या मर्यादेबाहेर कसा घेऊन गेला, आणि कोठे नेऊ शकला नाही, हे पाहणे हा या विवेचनाचा विषय आहे.

२

फिलाडेल्फिया वसविले गेले ते इ. स. १६८२ मध्ये. करारनाम्याच्या काळी तेथील लोकसंख्या दहा हजारांच्या आसपास असावी. म्हणजे आजच्या मानाने ते एक लहान गावच होते. आगीविरुद्ध तेथे काहीच तरतूद नव्हती असे मात्र नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीसच प्रत्येक घरमालकाने पाण्यासाठी बादली आणि धुराडे साफ करण्यासाठी लांब दांड्याचा बोळा बाळगावा, असा कायदा झाला होता. न झाडलेल्या धुराड्याने पेट घेतल्यास मालकास दंड होई. रस्त्यात तंबाखू ओढण्यासही मनाई होती. इ. स. १७३० मध्ये डेलावेअर नदीकाठच्या धक्क्यावर मोठी आग लागून वखारी व घरे जळाली. वारा फारसा नव्हता, तेव्हा चांगले बंब हाताशी असते तर ती सहज आटोक्यात आली असती, असे त्या वेळच्या वृत्तपत्राने नमूद केले आहे. त्यानंतर नगरपालिकेने बंब, बादल्या, शिड्या आणि आकडे यांची खरेदी मनावर घेतली.

म्हणजे कायदा होता, साधने होती, आगीचा ताजा अनुभवही होता. नव्हती ती एवढीच गोष्ट : दोन आगींच्या मधल्या काळात त्या साधनांकडे कोणी पाहावे, याची व्यवस्था. कातड्याची बादली वापराविना लटकत राहिली की वाळते, तडकते आणि गळू लागते. शिडी कोणीतरी घरगुती कामाला नेतो आणि ती परत येत नाही. कायद्याने वस्तू बाळगण्याची सक्ती करता येते. ती वस्तू आज सुस्थितीत आहे की नाही हे कायद्यास आग लागेपर्यंत कळत नाही.

३

या उणिवेची जाणीव फ्रँकलिनला होती, हे त्याने ४ फेब्रुवारी १७३५ रोजी आपल्या ‘पेन्सिल्व्हेनिया गॅझेट’ या पत्रात छापलेल्या निनावी पत्रावरून दिसते. फ्रँकलिन तेव्हा एकोणतीस वर्षांचा होता. परंतु पत्रलेखक म्हणून त्याने ज्याला उभे केले तो हातांनी अधू झालेला एक वृद्ध आहे. शेजाऱ्याच्या घराला आग लागली असता स्वतः धावून जाता येत नाही, म्हणून निदान सल्ला तरी द्यावा, अशी त्याची भूमिका. हा वृद्ध प्रथम घरातील सवयींविषयी बोलतो. फावड्यावर उघडे निखारे घेऊन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाऊ नये. चुलाणाभोवती लाकडी नक्षीकाम करू नये. धुराडी साफ करणाऱ्यांना परवाने द्यावेत, आणि साफ केल्यापासून ठरावीक दिवसांच्या आत धुराडे पेटल्यास दंड त्या कामगाराकडून घ्यावा. यानंतर तो शेजारच्या प्रांतातील एका नगराचे उदाहरण देतो. ते नगर बोस्टन, फ्रँकलिनचे जन्मगाव, हे उघड आहे. तेथे प्रत्येक बंबामागे माणसांचा एक गट नेमलेला असून तो दर तिमाहीस बंब चालवून पाहतो, एकत्र जमून मागील आगींत काय चुकले व काय साधले याची चर्चा करतो, आणि या सेवेबद्दल त्यास करात सूट मिळते, असे वर्णन पत्रात आहे.

बोस्टनमध्ये याहून वेगळ्या प्रकारची संस्थाही होती. इ. स. १७१७ मध्ये तेथे स्थापन झालेली ‘बोस्टन फायर सोसायटी’ ही सदस्यांचे सामान आगीतून बाहेर काढण्यासाठी असलेली परस्पर-साहाय्य संस्था होती. तेव्हा युनियन मंडळी ही अमेरिकेतील अशी पहिली संस्था नव्हे. तिने बोस्टनमधील दोन प्रकारांचा मेळ घातला : सोसायटीकडून परस्पर-करार घेतला आणि बंबगटाकडून नियतकालिक सभेची कल्पना घेतली, मात्र तिमाहीच्या जागी महिना आणला. शिवाय एक महत्त्वाचा फरक असा की बोस्टनच्या बंबगटास करात सूट मिळत होती. फिलाडेल्फियातील सदस्यांना मिळणारे काहीच नव्हते. उलट चुकल्यास द्यावयाचा दंड त्यांनी स्वतःच स्वतःवर लादून घेतला.

४

करारनाम्यातील कलमांचा सारांश पुढीलप्रमाणे देता येईल.

प्रत्येक सदस्याने स्वखर्चाने कातड्याच्या दोन बादल्या आणि जाड तागकापडाच्या चार मोठ्या पिशव्या बाळगाव्यात. पिशवीच्या तोंडाशी ओढून बंद करावयाची दोरी असावी. बादल्यांवर व पिशव्यांवर सदस्याच्या नावाची आद्याक्षरे व मंडळीची खूण घालावी, आणि आगीखेरीज अन्य कामास त्या वापरू नयेत. वस्तू कमी आढळल्यास पाच शिलिंग दंड. आगीच्या कामी त्या हरवल्या वा फाटल्या तर मात्र भरपाई मंडळीच्या निधीतून व्हावी.

कोणा सदस्याच्या घरी वा घराजवळ आग लागल्याचे कळताच सर्वांनी आपापल्या बादल्या व पिशव्या घेऊन तेथे जावे आणि संकटातील सदस्याचे सामान पिशव्यांत भरून सुरक्षित जागी न्यावे. एकाच वेळी अनेक सदस्यांची घरे धोक्यात असतील तर मनुष्यबळ शक्यतो समान विभागावे. संशयित माणसांनी आत शिरून चोरी करू नये म्हणून दोघांनी सतत दारावर उभे राहावे. रात्री आगीची हाक ऐकू येताच प्रत्येकाने आपल्या खिडकीत दिवे लावावेत, म्हणजे अंधारात गोंधळ होणार नाही.

या कलमांतील व्यवहारज्ञान लक्षणीय आहे. दारावरचे दोन पहारेकरी काय किंवा खिडकीतील दिवे काय, प्रत्यक्ष आगीचा गोंधळ पाहिलेल्या माणसालाच सुचावेत असे हे तपशील आहेत. तथापि त्याहून लक्षणीय आहेत ती मासिक कामाची कलमे. दर महिन्याच्या शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सर्वांनी जमावे. गैरहजर राहिल्यास दंड द्यावा. सह्यांच्या क्रमाने प्रत्येकाने एकेक महिना चिटणीसाचे काम करावे. चिटणीसाने सर्व सदस्यांच्या बादल्या व पिशव्यांची पाहणी करून सभेपुढे अहवाल ठेवावा, दंड गोळा करावा, सभेची आगाऊ सूचना द्यावी, आणि अन्य कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी संपूर्ण करारनामा व सदस्यांची यादी वाचून दाखवावी. पाळी आली असता चिटणीसपद नाकारणाऱ्यास दंड. प्रत्येकाने सदस्यांच्या नावांची एक यादी बादल्यांजवळ दर्शनी जागी लावावी. नवा सदस्य घेण्याची किंवा कलम बदलण्याची सूचना एका सभेत आली तर तिचा निर्णय पुढच्या सभेपूर्वी होऊ नये.

सदस्यसंख्येची मर्यादा करारात पंचवीस आहे. फ्रँकलिनने उतारवयात लिहिलेल्या आत्मचरित्रात ती तीस म्हणून आठवली आहे. पंचवीस ही संख्या धरली तर प्रत्येकाची पाळी दोन वर्षांत साधारणतः एकदा येणार. तेवढ्या काळात तो प्रत्येक सहकाऱ्याच्या घरी गेला असेल, त्याच्या बादल्या हाताळल्या असतील, त्याच्या चुकीबद्दल दंड घेतला असेल. कोणाचे सामान कोठे असते, जिना कोणत्या बाजूस आहे, हे त्याला ठाऊक झाले असेल. आगीच्या रात्री या ज्ञानाचे मोल बादलीहून कमी नव्हते. तपासणी करणारा आणि ज्याची तपासणी होते तो, या भूमिका पाळीपाळीने बदलत असल्यामुळे दंड हा अधिकाऱ्याने केलेला अपमान न राहता व्यवहाराचा भाग झाला. दर महिन्यास तोच करार पुन्हा मोठ्याने वाचण्यामागील हेतूही हाच. सही एकदाच झाली होती, पण वचन दर महिन्यास नवे होत होते.

५

हा करारनामा मराठीत उतरवू पाहणाऱ्यास पहिल्याच ओळीत एक अडचण येते. इंग्रजीतील उत्तमपुरुषी अनेकवचनी सर्वनाम एकच आहे. मराठीत त्यासाठी दोन रूपे आहेत. ऐकणाऱ्याला वगळणारे ‘आम्ही’, आणि त्याला सामावून घेणारे ‘आपण’. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’ असा हाच भेद आढळतो. इंग्रजी लेखकास हा प्रश्न स्वतःस विचारावा लागत नाही. मराठी अनुवादकास तो टाळता येत नाही.

सह्या करणारे परस्परांशी बोलत आहेत असे मानले तर ‘आपण आपले सामान वाचवू’ असे भाषांतर योग्य ठरेल. परंतु गावच्या दृष्टीने पाहिले तर तेच वाक्य ‘आम्ही आमचे सामान वाचवू’ असे होते. आग ‘आपल्यापैकी’ कोणाच्या घराजवळ लागली तरच धावण्याचे बंधन आहे. गल्लीपलीकडच्या, सही न केलेल्या कुटुंबाविषयी करार मौन पाळतो. दारावरचे पहारेकरी ज्या ‘संशयित माणसां’ना अडवतात तेही गावचेच रहिवासी. बाहेरच्या व्यक्तीसंबंधी जवळजवळ एकच अपवाद आहे : सदस्य मृत झाल्यास त्याच्या विधवेने बादल्या व पिशव्या सांभाळल्या तर वैधव्यात तिला पूर्ववत् साहाय्य मिळावे. तेथेही तिचे नाते पतीच्या सहीतूनच आलेले आहे.

याउलट १७३५ च्या पत्रातील वृद्ध गावाला उद्देशून बोलतो. त्याचे ‘आपले नगर’ निःसंशय सर्वसमावेशक आहे. म्हणजे विचार मांडला गेला तो ‘आपण’च्या भाषेत, आणि संस्था उभी राहिली ती ‘आम्ही’च्या भाषेत. यात ढोंग शोधण्याचे कारण नाही. दहा हजारांच्या गावाकडून दर महिन्यास हजेरी घेता येत नाही. पंचवीस माणसांकडून ती घेता येते. मर्यादा ही शिस्तीची किंमत होती.

६

पुढे जे घडले ते अधिक उद्बोधक आहे. आत्मचरित्रात फ्रँकलिन याच संस्थेचा हेतू सांगताना आग त्वरेने विझविणे ही गोष्ट प्रथम ठेवतो आणि सामान हलविण्यातील परस्पर-साहाय्य दुसऱ्या क्रमांकावर आणतो. करारातील क्रम स्मृतीत उलटला आहे. हा केवळ वृद्धापकाळचा विसर म्हणता येणार नाही. मधल्या पन्नास वर्षांत संस्थेचे कामच तसे बदलले होते.

या बदलाचे एक कारण दंडाच्या पैशात सापडते. गैरहजेरीबद्दल जमलेली रक्कम बंब, शिड्या व आकडे यांच्या खरेदीस लागली, असे फ्रँकलिन सांगतो. पिशवी ही ‘आम्ही’ची वस्तू आहे, तिच्यात एका घराचे सामान मावते आणि ते घरमालकास परत मिळते. बंब तसा नाही. त्या काळचा बंब म्हणजे चाकांवरची टाकी. तिच्यात बादल्यांनी पाणी ओतावयाचे आणि दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसांनी जोर लावून नळीतून फवारा उडवावयाचा. त्यासाठी विहिरीपासून टाकीपर्यंत माणसांच्या रांगा लागत : एकीतून भरलेल्या बादल्या पुढे जात, दुसरीतून रिकाम्या परत येत. एवढी माणसे पंचवीसांच्या मंडळीतून पुरणे शक्य नव्हते. शिवाय सदस्याचे घर वाचवावयाचे तर आग शेजारच्या घरातच विझवावी लागे, मग तो शेजारी सदस्य असो वा नसो. छप्पर ओढून पाडणारा आकडा तर बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच घरावर चालवावा लागे. साधनाने करारातील सर्वनाम बदलले, असे म्हणण्यास हरकत नाही.

‘बंब’ आणि ‘बादली’ हे दोन्ही शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून, ‘बोंबा’ व ‘बाल्दे’ या रूपांवरून आले, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. साधनांची नावे साधनांबरोबर सहज प्रवास करतात. संस्थेचे नाव तसे येत नाही. ‘कंपनी’ हा शब्द मराठीत दीर्घकाळ व्यापारी सत्तेचा वाचक होता. परस्पर-करारातून जमलेल्या लोकांस तो शोभत नाही. नाटक मंडळीतील ‘मंडळी’ हा शब्द त्या अर्थाच्या अधिक जवळचा आहे, कारण त्यात स्वेच्छा आहे, पाळी आहे आणि परस्परांची ओळख आहे.

दुसरे कारण मासिक सभेच्या लौकिकात आहे. अधिक लोक सदस्यत्व मागू लागले तेव्हा युनियन मंडळीने आपली संख्या न वाढविता त्यांना स्वतःची मंडळी स्थापण्याचा सल्ला दिला. त्याप्रमाणे इ. स. १७३८ मध्ये ‘फेलोशिप’, १७४२ मध्ये ‘हँड-इन-हँड’ आणि पुढे इतर मंडळ्या निघाल्या. अनेक लहान ‘आम्ही’ एकमेकांशेजारी उभे राहून गावभर पसरावेत, ही यामागील युक्ती. इ. स. १७५२ मध्ये या मंडळ्यांच्या सहकार्याने ‘फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्यूशनशिप’ ही घरांचा परस्पर-विमा उतरविणारी संस्था निघाली. ती आजही विद्यमान आहे. मंडळ्या स्थापन झाल्यापासून गावात एका वेळी एक-दोन घरांहून अधिक घरे जळाली नाहीत, असा समाधानाचा उद्गार फ्रँकलिनने काढला आहे.

७

तथापि लहान ‘आम्हीं’ची बेरीज म्हणजे ‘आपण’ नव्हे, हे एकोणिसाव्या शतकाने दाखवून दिले. इ. स. १८०१ मध्ये फिलाडेल्फियात नळाचे पाणी आले आणि १८०३ मध्ये रबरी नव्हे, तर कातड्याची नळी वापरणारी पहिली ‘होज कंपनी’ निघाली. बादल्यांच्या रांगांची गरज संपत आली आणि तिच्याबरोबर सर्व गावाने एका ओळीत उभे राहण्याचा प्रसंगही संपला. इ. स. १८१८ मध्ये तेथील कृष्णवर्णीय नागरिकांनी ‘आफ्रिकन फायर असोसिएशन’ स्थापन केली. फ्रँकलिनच्या सल्ल्याप्रमाणे त्यांनी स्वतःची मंडळीच तर काढली होती. परंतु गोऱ्या मंडळ्यांनी तीव्र विरोध केला आणि दंगलीच्या भीतीने तो प्रयत्न त्यांना सोडून द्यावा लागला. ज्यांची घरे त्याच आगीत जळत होती, त्यांना ती विझविण्याचा मान नाकारला गेला. करारनाम्याच्या भाषेत जी मर्यादा सोयीची म्हणून आली होती, ती येथे अन्यायाच्या रूपाने प्रकट झाली.

पुढील दशकांत मंडळ्यांमधील स्पर्धा हाणामारीपर्यंत गेली. आगीच्या ठिकाणी आधी कोण पोहोचले, नळ कोणाच्या ताब्यात, यावरून दंगे होऊ लागले. १८४० नंतरच्या दशकात हे दंगे विशेष कुप्रसिद्ध झाले. वाफेच्या बंबाला माणसे थोडी लागत, पण ती नित्य हजर व शिकलेली असावी लागत. सिनसिनाटी नगराने १८५३ मध्ये पगारी दल उभारले. अखेर १५ मार्च १८७१ रोजी फिलाडेल्फियातही नगराचे पगारी अग्निशमन खाते कामास लागले. मराठीत सांगावयाचे तर ‘मंडळी’ची जागा ‘दला’ने घेतली. आता धावून जाण्याचे बंधन सहीवर अवलंबून राहिले नाही. घर कोणाचे, हा प्रश्न निदान नियमापुरता तरी मिटला.

८

या इतिहासावरून पगारी दलाने स्वयंसेवी मंडळीचे सर्व काम आपल्याकडे घेतले असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. दलाने आगीच्या रात्रीचे काम घेतले; दोन आगींमधला महिना तसाच उरला. चुलाणाशेजारचे लाकूड, न झाडलेले धुराडे, अडविलेला जिना, वाळून तडकलेली बादली यांकडे घरमालकालाच पाहावे लागते, आणि कोणीतरी ठरल्या दिवशी विचारल्याशिवाय तो पाहत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमात इमारतीतील अग्निरोधक साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत सादर करण्याचे बंधन आहे, ते याच गरजेतून. युनियन मंडळीच्या चिटणीसाच्या मासिक अहवालाचे हे दूरचे भावंड म्हणता येईल. फरक एवढाच की तो अहवाल शेजारी शेजाऱ्याला देत होता, आणि सर्वांसमक्ष वाचून दाखवीत होता; प्रमाणपत्र कचेरीत जाते.

करारनाम्याचे ऐतिहासिक मूल्य तेव्हा दुहेरी आहे. आगीसारख्या अवचित येणाऱ्या संकटाला नियमाने येणाऱ्या तारखेचे उत्तर द्यावे लागते, ही गोष्ट त्याने कृतीत आणली. आणि ते उत्तर लहान गटास साधते, पण लहान गटापुरते ठेवता येत नाही, हेही त्याच्याच पुढील इतिहासाने सिद्ध केले. त्यातील सर्वनामाचा अनुवाद ‘आम्ही’ असा करावा की ‘आपण’ असा, याचा निर्णय म्हणूनच केवळ व्याकरणाच्या आधारे होऊ शकत नाही. इ. स. १७३६ मध्ये तो शब्द ‘आम्ही’ होता. तो ‘आपण’ होण्यास एकशे पस्तीस वर्षे लागली.